सायवन ते खोडद

डहाणू तालुक्यातील सायवनहून खोडदला जायचे तर कासा, चारोटी, मनोर, भिवंडी, कल्याण आणि मग माळशेज घाट, असा लांबचा प्रवास आहे. कल्याण आले तसे आम्ही मुलांना सांगितले, की १९६५ साली डॉ. गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ३२ लहान डिश येथेच बसवल्या आणि सूर्याच्या रेडिओ लहरी टिपल्या. पुढे खोडदची दुर्बीणही त्यांनीच उभारली.

नारायणगाव ओलांडले की शेतांमागे अवाढव्य डिश दिसू लागतात. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. पत्र्याऐवजी तारांची जाळी असल्याने वारा आरपार जातो आणि खर्चही वाचतो. १४ डिश मध्यभागी आहेत, उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. डिशांमधले अंतर जितके जास्त, तितका आकाशातला तपशील बारीक दिसतो. निरनिराळ्या खंडांतल्या दुर्बिणी एकत्र जोडल्या, तर त्याहूनही बारीक.

क्वेसार पाहायला हा बारीकपणा लागतो. क्वेसार म्हणजे दीर्घिकेच्या मध्यावरील महाकाय कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूचा झगमगाट. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या एका क्वेसारचा प्रकाश १३०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. तेव्हा विश्वाचे वय अवघे ६७ कोटी वर्षे होते. इतक्या लवकर कृष्णविवर एवढे कसे वाढले? काही क्वेसारमधून वायूचे झोत सुटतात. रेडिओ लहरींत त्यांचे बारीक चित्र मिळाले, तर उत्तराचा धागा हाती लागतो. खोडदच्या दुर्बिणीने आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग पाहून सहा लाखांवर रेडिओ स्रोतांची यादी केली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दूरचे स्रोत शोधायला जगभर उपयोगी पडते.

मात्र हे संकेत फारच क्षीण असतात, म्हणून तेथे मोबाईल बंद ठेवावे लागतात. पुणे-नाशिक रेल्वेच्या नारायणगाववरून जाणाऱ्या मार्गालाही याच कारणाने हरकत आली. ते ऐकून धाकटीने विचारले, "अब्बा, मग इथल्या लोकांनी गाडी मागायचीच नाही का?" प्रश्न रास्त होता. गाडीही हवी आणि ही शांतताही. जगाच्या उपयोगी पडणाऱ्या इल्मची किंमत एकट्या जुन्नर तालुक्याने मोजू नये, एवढेच आम्ही तिला सांगू शकलो.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन भरते. शाळकरी मुले आपापले प्रयोग घेऊन येतात. घरातल्या मुलांना आणि मुलींनाही तेथे जरूर न्यावे.