आजोबांची तंजावर मोहीम

मे महिन्याची सुटी लागली की मुलांच्या डोळ्यांसमोर थंड हवेची ठिकाणे नाचू लागतात. ठाण्याच्या या दोन भावंडांनीही महिनाभर उटीची स्वप्ने रंगवली होती. पण ऐनवेळी वडिलांची रजा नामंजूर झाली आणि उटीऐवजी मुले आजी-आजोबांकडे तंजावरला येऊन पोहोचली. वडील एक दिवस राहून परत गेले. मागे उरली अकरा वर्षांची नात, आठ वर्षांचा नातू, दोघांचे फुगलेले चेहरे आणि तंजावरचा रणरणता उन्हाळा.

त्यात पहिल्याच संध्याकाळी एक प्रसंग घडला. शेजारची मंडळी ओट्यावर गप्पांना बसली होती. आजोबा काही सांगत असताना नात खुदकन हसली. म्हणाली, ''आजोबा, मराठीत असं नाही म्हणत. तुमचं मराठी चुकतंय.''

आजोबाही हसले. पण त्यानंतर ते फारसे बोलले नाहीत. ही गोष्ट फक्त आजीच्या लक्षात आली.

राज्य गेले, भाषा राहिली

आजोबांचे मराठी चुकीचे नव्हते, वेगळे होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावर घेतले. पुढे १८५५ मध्ये इंग्रजांनी हे राज्य खालसा केले. राज्य गेले, पण राजांबरोबर आलेली मराठी कुटुंबे कावेरीकाठीच राहिली. त्यांनी घरात मराठी जपली, तीही जुन्या वळणाची आणि तमिळ हेल असलेली. बाहेर मात्र सगळा व्यवहार तमिळमधून. तमिळनाडूच्या शाळांत १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी अशा दोनच भाषांचे धोरण आहे. त्यामुळे घरी अस्खलित मराठी बोलणारी कितीतरी माणसे मराठी लिहायची वेळ आली, की तमिळ अक्षरांत लिहितात.

ठाण्यात वाढलेल्या मुलांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

कॉफीच्या पेल्याखालची चिठ्ठी

तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबांच्या कॉफीच्या पेल्याखाली एक घडी घातलेला कागद सापडला. त्यावर एक अक्षरही नव्हते. फक्त एक चित्र होते : लांबलचक नळी आणि तिच्याशेजारी काडीसारखी दोन माणसे.

''ही काय भेंडी आहे?'' नातवाने विचारले.

''तेच शोधायचंय,'' आजोबा म्हणाले. मग त्यांनी मोहिमेचे नियम सांगितले. रोज एकच ठिकाण. उन्हे तापायच्या आत घरी परत. बरोबर पाण्याची बाटली, वही आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातली मापपट्टी. सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की कोणी सांगितले म्हणून खरे मानायचे नाही, स्वतः मोजायचे, पाहायचे आणि मगच वहीत लिहायचे.

ती 'भेंडी' म्हणजे जुन्या तटबंदीच्या पूर्वेकडच्या उंचवट्यावरची तोफ होती. नायक राजांच्या काळातली ही अजस्र तोफ साच्यात ओतलेली नाही. लोखंडी पट्ट्या आणि कडी ठोकून ती घडवली आहे. मुलांनी मापपट्टी पाच वेळा पुढे सरकवली. उत्तर आले साडेसात मीटर. ''आपल्या ठाण्याच्या हॉलपेक्षा लांब!'' नातू ओरडला. उटीचे नाव त्या दिवशी कोणी काढले नाही.

दुसऱ्या चिठ्ठीवर माणसाचे तोंड आणि बैलाचे तोंड शेजारी शेजारी काढले होते. बैल इतका वाकडा होता की मुले हसून लोळली. ही चिठ्ठी त्यांना राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात घेऊन गेली. सर्फोजी राजे दुसरे यांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) हा संग्रह वाढवला. ताडपत्रांवरच्या आणि कागदावरच्या हजारो पोथ्या इथे आहेत. त्या संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी भाषांतल्या आहेत. १९१८ मध्ये हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या संग्रहालयात फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रं याची चित्रे आहेत. माणसाचा चेहरा एखाद्या प्राण्यासारखा कसा दिसतो, हे त्यांत दाखवले आहे. आपल्या मास्तरांचा चेहरा कोणत्या प्राण्याशी जुळतो, यावर भावंडांची बराच वेळ कुजबूज चालली.

तिसऱ्या चिठ्ठीवर आडवा पडलेला आणि पुन्हा उभा राहिलेला राजा होता. हे कोडे बाजारात सुटले. तंजावरची बाहुली ढकलली तरी आडवी राहत नाही, डोलत डोलत सरळ होते. तिचा तळ गोल आणि जड असतो, वरचा भाग हलका असतो. घरी येऊन मुलांनी नारळाच्या करवंटीत ओली माती थापली, वर कागदी राजा बसवला आणि तो उभा राहीपर्यंत आजीच्या स्वयंपाकघरात चिखल केला. आजी रागावली नाही. आजोबा पुन्हा बोलू लागले होते, हे तिने पाहिले होते.

सावली पडते की नाही?

एव्हाना गावातल्या दोघातिघांनी मुलांना एक नवल सांगितले होते, की बृहदीश्वराच्या शिखराची सावली कधीच जमिनीवर पडत नाही. ही गोष्ट साऱ्या देशात सांगितली जाते.

''खरं का हो आजोबा?''

''नियम काय आहे?'' आजोबांनी उलट विचारले.

भरदुपारी अंगणात प्रयोग झाला. आजीने वर्तमानपत्राचा शंकू करून दिला. त्याच्याशेजारी मातीच्या गोळ्यात पेन्सिल उभी केली. घड्याळात सव्वाबारा होत आले तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर होता. पेन्सिलीची जेमतेम दोन बोटे सावली पडली. शंकूची मात्र दिसेचना, ती त्याच्या स्वतःच्याच रुंद बुडावर पडत होती. तंजावर विषुववृत्तापासून फार दूर नाही आणि देवळाचे शिखर खाली रुंद, वर निमुळते आहे. म्हणून भर उन्हाळ्यात माध्यान्ही त्याची सावली जमिनीवर जवळजवळ उतरत नाही. पण सकाळ-संध्याकाळचे काय?

चौथ्या चिठ्ठीवर शिखर होते, उगवता सूर्य होता आणि एक बाण.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही देवळात हजर झाले. चोळ सम्राट राजराज पहिला याने हे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण केले. तेरा मजल्यांचे हे शिखर साठ मीटरहून उंच आहे आणि समोर एकाच दगडात कोरलेला प्रचंड नंदी आहे. १९८७ पासून हे मंदिर जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुलांचे मात्र यातल्या कशाकडेच लक्ष नव्हते. ती धावत शिखराच्या मागे गेली.

तिथे फरशीवर भलीमोठी, गारेगार सावली पसरली होती.

''पडते! पडते!'' नातू त्या सावलीत अनवाणी नाचू लागला. नातीने वहीत वेळ लिहिली आणि सावली कुठे कलते आहे ते पाहिले. ती पश्चिमेला, जराशी नैर्ऋत्येकडे कलली होती. आजोबांचा बाणही तिकडेच होता.

भिंतीवरची अक्षरे

आवाराच्या त्या बाजूला दगडी भिंतीवर ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत. देवळात इतरत्र दिसणाऱ्या तमिळ शिलालेखांपेक्षा त्या वेगळ्या आहेत. नात जवळ गेली आणि थबकली.

''आजोबा, हे तर मराठी आहे!''

सर्फोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे देवनागरीत कोरवून घेतला. एवढा मोठा मराठी शिलालेख क्वचितच कुठे पाहायला मिळेल, आणि तो आहे महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर, एका चोळ मंदिरात.

''यात काय लिहिलंय?'' नातीने विचारले.

आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ''ते तू सांगायचंस बाळ. शेवटची चिठ्ठी हीच. मी लहानपणापासून या भिंतीजवळून जातो. मला ही अक्षरं येत नाहीत.''

मुलीला सगळ्या चिठ्ठ्या आठवल्या. वाकडा बैल, काडीसारखी माणसे आणि एकही अक्षर नाही. तिचा चेहरा उतरला. पहिल्या संध्याकाळचे आपले हसणेही तिला आठवले असावे.

ती वाचू लागली. दगडाला हात न लावता, हवेतच बोट फिरवत. अक्षरे जुनी, ओळी दाट. 'श्री' लागले, 'राजे' लागले, मग 'शहाजी' लागले. एक शब्द तिने अक्षरे जुळवून दोनदा उच्चारला, पण अर्थ लागेना. आजोबांना तो ऐकताक्षणी कळला. तो त्यांच्या आईच्या तोंडी होता. पुढे आणखी एका शब्दाचे तसेच झाले. वाचणारी नात आणि अर्थ सांगणारे आजोबा, असे दोघांनी मिळून उन्हे चढेपर्यंत जेमतेम काही ओळी पार केल्या. मंदिरातून बाहेर पडताना ती हळूच म्हणाली, ''आजोबा, तुमचं मराठी चुकीचं नाही. ते भिंतीवरच्यासारखं आहे.''

मोहीम कुठेही निघते

तंजावर तिरुचिरापल्लीच्या विमानतळापासून दीड तासाच्या आसपास आहे आणि रेल्वेनेही जोडलेले आहे. मंदिर दुपारी बंद असते. नुसते हिंडायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. पण अशी मोहीम काढायला तंजावरच हवे असे नाही. प्रत्येक गावात एखादी तोफ, बारव, जुना पार किंवा न वाचलेला शिलालेख असतोच. लागते ती मापपट्टी, वही आणि हाताशी वेळ असलेले आजी किंवा आजोबा. आपल्याला जे येत नाही तेही नातवंडांपुढे मांडायची त्यांची तयारी असेल, तर मुले ते आयुष्यभर विसरणार नाहीत.

उरलेल्या सुटीत दुपारी त्या घरात शाळा भरली. नात वहीच्या मागच्या पानांवर बाराखडी काढून देई, आजोबा ती गिरवत. बदल्यात दोन्ही मुले तमिळमध्ये आपापली नावे लिहायला शिकली.

वडील न्यायला आले. स्टेशनवर गाडी हलता हलता आजोबांनी खिडकीतून एक कागद आत दिला. नातवाने तो उघडला. या वेळी चित्र नव्हते. डोलणाऱ्या बाहुलीसारखी इकडेतिकडे कललेली चार देवनागरी अक्षरे होती : 'परत या.'

नातीने तो कागद घडी करून वहीत ठेवला. आजोबांच्या शेवटच्या अक्षराचा काना जरा तिरका झाला होता. तिने तो दुरुस्त केला नाही.