कुंपण आणि शेत

उपमा ही ज्ञानाची दासी खरी. परंतु एकदां घरांत रुळली म्हणजे ती मालकिणीच्या तोऱ्यानें वागूं लागते. हृदयविकाराचा विषय निघाला कीं आपणां सर्वांच्या तोंडीं तुंबलेल्या मोरीची उपमा येते. धमनी म्हणजे नळी, तूप-तेल म्हणजे गाळ. गाळ सांचत सांचत नळी बंद झाली कीं झटका आला! या उपमेंत सत्य आहे, पण तें अर्धेंच. आणि उरलेलें अर्धें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ घरांत निष्कारण दोषारोप होत असतो.

आमच्या धाकट्या बंधूंचेंच उदाहरण घ्या. दोन वर्षांपूर्वीं ते इन्फ्लुएंझाच्या तापानें पांच दिवस अंथरुणास खिळले होते. सहाव्या दिवशीं पहाटे त्यांच्या छातींत कळ आली. वेळीच इस्पितळांत नेल्यामुळें ते वांचले. गुठळी झाली त्या ठिकाणीं धमनी मुळांत निम्मीदेखील अरुंद झालेली नव्हती, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तरीही समाचारास येणारा प्रत्येक जण आमच्या भावजयीच्या तुपाच्या तामलीकडे बोट दाखवून गेला. ती माउली कांहीं बोलली नाहीं, पण तिचें अन्न तुटलें. तें पाहवेना, म्हणून वैद्यकीच्या पदवीधर भाच्यास समोर बसवून आम्ही उतारवयांत हा धडा शिकलों.

धड्याचा आरंभ १८८२ सालचा. इटलींतील मेसिना येथें मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक अळींत गुलाबाचा कांटा टोंचला. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीरांत शत्रूस गिळणाऱ्या रक्षक पेशी असतात, हा सिद्धांत त्यानें मांडला आणि १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचा तो वांटेकरी झाला.

आपल्या पांढऱ्या पेशींचें कामही हेंच. धमनीच्या अस्तराखालीं कोलेस्टेरॉल झिरपून विटूं लागलें कीं मॅक्रोफेज नांवाच्या खादाड पेशी तें गिळूं लागतात. परंतु तें त्यांस पचत नाहीं. त्या फुगून फेसाळ होतात व तेथेंच मरतात. त्यांच्या स्रावांनीं त्या सांठ्यावरील तंतुमय पापुद्रा पातळ होत जातो. एके दिवशीं तो फाटतो, आंतील द्रव्यें रक्तास भिडतात, प्लेटलेट नांवाच्या चकत्या एकमेकींस चिकटतात, फायब्रिनचे धागे विणले जातात आणि धमनी कांहीं मिनिटांत बंद होऊं शकते. म्हणजे मोरी तुंबली असें नव्हे; भिंतींतलें गळूं फुटलें!

येथें दुसरे रक्षक येतात, ते न्यूट्रोफिल. २००४ सालीं बर्लिनच्या संशोधकांनीं दाखविलें कीं या पेशी जंतूंस पकडण्याकरितां स्वतःच्या डीएनएचें जाळें बाहेर फेंकतात. या जाळ्यांत प्लेटलेट व तांबड्या पेशीही अडकतात आणि गुठळी बळावते, हें २०१० मध्यें उघड झालें. हृदयाच्या धमनींतून काढलेल्या गुठळ्यांतही हीं जाळीं सांपडलीं आहेत. बारीक रक्तवाहिनींत जंतूंस कोंडून ठेवण्यास अशी गुठळी उपकारकच. हृदयाच्या धमनींत मात्र तीच प्राणांतिक ठरते. कुंपणानें शेत खाल्लें म्हणतात तें हेंच. फरक इतकाच कीं हें कुंपण लबाड नव्हे, अतिउत्साही आहे.

तापाचा संबंधही येथेंच येतो. कॅनडांतील आँटेरिओ प्रांताची एक पाहणी २०१८ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत इन्फ्लुएंझाचें निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत झटक्याचें प्रमाण एरवींच्या सहापट आढळलें. रक्षक खवळलेले असतां जुनें गळूं फुटण्याची भीति अधिक.

मग रक्षकांसच आवरावें काय? कॅनाकिन्युमॅब या औषधाची दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील परीक्षा २०१७ मध्यें प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल न घटवितां केवळ दाह शमविल्यानें, मधल्या मात्रेंत, हृदयाचे व मेंदूचे झटके आणि तज्जन्य मृत्यु मिळून सुमारें १५ टक्क्यांनीं घटले; पण जंतुसंसर्गानें दगावणारे थोडे वाढले. पहारा सैल केला कीं चोर शिरणारच. २०२३ मध्यें अमेरिकेनें कोल्चिसिन या जुन्या औषधास अल्प मात्रेंत या कामीं मान्यता दिली. हें द्रव्य आपल्या कळलावींतही असतें. संस्कृतांत तिचें नांव लांगली, आणि वैद्यांनीं तिची गणना उपविषांत केलेली आहे. तेव्हां परसांतला कंद उगाळून कोणीं धाडस करूं नये. तें मरणास आमंत्रण होय.

भावजयीस आम्हीं हें सारें समजावून सांगितलें. तूप अगदींच निर्दोष सुटत नाहीं, कारण सांठ्याचा आरंभ कोलेस्टेरॉलपासूनच होतो; पण तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि तो ताप हेही आरोपींत उभे आहेत. ऐकून ती एवढेंच म्हणाली, "अण्णा, मग यंदां घरांतल्या सगळ्यांनीं ती लस टोंचून घ्यावी."

वाचकहो, तिचा निष्कर्ष आमच्या व्याख्यानाहून मोलाचा आहे. वडीलधाऱ्या मंडळींस डॉक्टरांच्या सल्ल्यानें दरवर्षीं इन्फ्लुएंझाची लस द्यावी. तंबाखूस उंबऱ्याबाहेर ठेवावें. आणि छातींत कळ आली असतां वायु समजून ओंवा चघळीत न बसतां तडक इस्पितळ गांठावें. समाचारास जाणारांनीं रुग्णाच्या स्वयंपाकघरावर निकाल देण्याचें टाळलें, तर तेंही एक प्रकारचें औषधच होईल.