तापल्या हवेचा हिशेब

कारखान्यातून निघालेल्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, शिकूनसवरून आलेला असतो. कंपनीच्या माणसांनी ती गाडी थंडीत गोठवलेली असते, उन्हात भाजलेली असते, घाटात चढवलेली असते. किती हवेला किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे त्यांनी महिनोन्‌महिने खपून ठरवलेलं असतं. आपण चावी फिरवतो आणि त्या कष्टांची फळं खातो. बाहेरून आणून बसवलेला ईसीयू मात्र कोरा येतो. इंजिन किती सीसीचं, हेसुद्धा त्याला सांगावं लागतं. इंजेक्टर मिनिटाला किती पेट्रोल सोडतात, क्रँकच्या चाकाला दात किती, मुद्दाम गाळलेला दात कुठे, तापमानाच्या सेन्सरचा किती ओहमला किती अंश, सगळं भरून द्यावं लागतं. मग उघडतो तो तक्ता. एका बाजूला इंजिनचे फेरे, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधला हवेचा दाब, सोळा गुणिले सोळा, 256 घरं. इंजिन त्या घरात स्वतः जाऊन आल्याशिवाय तिथला आकडा खरा की खोटा, हे कुणालाच कळत नाही.

पोहरादेवीजवळच्या एका तांड्यावरचा मुलगा पुण्यात हेच काम करतो. त्याचे वडील आणि मी दिग्रसला एका शाळेत होतो, म्हणून मी त्याचा काका. रामनवमीच्या यात्रेला तो घरी आला तो पिकअपवर एक जुनी जिप्सी लादून. 1.3 लिटरचं इंजिन, मूळचं कार्ब्युरेटरवालं. त्यानं कार्ब्युरेटर काढून इंजेक्टर बसवले होते आणि ईसीयू स्वतः सोल्डरिंग करून जोडला होता. गाडी ऑफ-रोड स्पर्धेसाठीची, म्हणून रस्त्यावर चालवत आणली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलांविरुद्ध मनासारखे बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. हे भान या पोरांनी ठेवावं असं मला मनापासून वाटतं. चुकीच्या आकड्यानं स्वतःचं इंजिन फुटलं तर ते आपल्यापुरतं असतं. रस्ता मात्र सगळ्यांचा.

पुण्यात गल्लीतले शेजारी आवाजाला कंटाळलेले. इथे बापाचं मोकळं वावर, हरभरा निघून गेलेला, धुऱ्याच्या कडेनं चांगला लांब गाडीरस्ता. आणि मुख्य म्हणजे चैत्रातलं ऊन. गाडी पुण्याच्या हिवाळ्यात ट्यून झालेली होती. तिथे ती गोड चालायची. इथे सकाळी सुरू व्हायची, तासभर पळायची; मग बंद करून चहा पिऊन परत सेल्फ मारला की उठायची, पण अडखळायची. पिकअप घ्यायची नाही, मिसिंग मारायची. पाच-सहा मिनिटं पळवली की आपोआप सुधारायची. आपोआप बऱ्या होणाऱ्या बिघाडाइतका त्रासदायक बिघाड दुसरा नाही, कारण तपासायला बसावं तर तो पसार झालेला असतो.

अशा ईसीयूला हवा थेट मोजता येत नाही. तो हिशेब करतो. मॅनिफोल्डमध्ये दाब किती, आत येणारी हवा किती गरम, आणि या फेऱ्यांना हे इंजिन सिलिंडर कितपत भरून घेतं, यावरून हवेचं वजन काढतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. गरम हवा विरळ, म्हणून तिला पेट्रोल कमी. 25 अंशांच्या हवेला जेवढं पेट्रोल लागतं, त्यापेक्षा 45 अंशांच्या हवेला साधारण 6 टक्के कमी लागतं आणि 70 अंशांच्या हवेला 13 टक्के कमी. शाळेत शिकलेला वायूंचा नियम तोच, फक्त इथे तो सेकंदाला कित्येकदा कामाला लागतो.

मुलानं लॅपटॉपवर नोंदी उघडल्या. गाडी बंद करून वीस मिनिटांनी सुरू केली तेव्हाच्या ओळीवर बोट ठेवलं. आत येणाऱ्या हवेचं तापमान: 70. बाहेर पारा 43 वर. वावरातली हवा 70 अंशांची असती तर आम्ही तिथे उभे राहिलो नसतो. सेन्सर त्यानं ॲल्युमिनियमच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये आटे पाडून बसवला होता. इंजिन थांबलं की हवेचा झोत थांबतो, खालच्या लोखंडाची धग वर चढते आणि सेन्सर हवेऐवजी धातूच मोजत बसतो. माणसाच्या कपाळाऐवजी चुलीवरच्या तव्याला हात लावून ताप बघावा तसं. ईसीयू बिचारा त्या 70 वर विश्वास ठेवतो आणि हवं त्याहून सात-आठ टक्के पेट्रोल कमी सोडतो. सायलेन्सरमधल्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरवर हवा-पेट्रोल प्रमाणाचा आकडा 14.7 च्या जागी पावणेसोळापर्यंत चढलेला दिसत होता. गाडी पळाली की झोतानं सेन्सर थंड होतो आणि दुखणं नाहीसं होतं.

अशा वेळी एक सोपी वाट हाताशी असते. आयडलच्या चार-सहा घरांत आठ टक्के वाढवा, दुपारचं अडखळणं थांबेल. गिऱ्हाईक खूश, गाडी रवाना. पण मग सकाळच्या गार हवेत तीच घरं जास्तीचं पेट्रोल ओतणार, प्लग काळे पडणार. ते लपवायला आणखी एक दुरुस्ती, तिच्यावर तिसरी. शेवटी तक्त्यातला एकही आकडा इंजिनबद्दल काही सांगत नाही, फक्त मागच्या लपवाछपवीबद्दल सांगतो. या पोरानं ऑक्सिजन सेन्सरवरून होणारी आपोआप दुरुस्तीही बंद ठेवली होती. ती चालू असली की पाच-दहा टक्क्यांची चूक ती गुपचूप सांभाळून घेते आणि आपल्याला कळतच नाही. चूक उघडी दिसावी म्हणून मदत बंद करणं, हे मला त्याच्या वयाच्या मानानं फार मोठं वाटलं. त्यानं तक्त्याला हात लावला नाही. सेन्सर काढला, एअर फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीत बसवला, मॅनिफोल्डचं भोक बोल्टनं बुजवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच चहा, तीच वीस मिनिटं. सेन्सर 48 दाखवत होता आणि गाडीनं पहिल्याच फटक्यात पिकअप घेतला.

एक गोष्ट तरीही खटकत होती. रेडिएटरचा पंखा लागला की इंजिनचा सूर किंचित बदलायचा. नोंदीत पाहिलं तर पंखा सुरू होताच पाण्याचं तापमान 92 वरून 88 वर. पंखा लागल्यावर पाणी थंड होणारच, कुणालाही हे पटेल. मलाही ते वावगं वाटलं नाही. मुलानं आलेख ताणून मोठा केला. उतार नव्हता, पायरी होती. एका क्षणी 92, पुढच्याच क्षणी 88, आणि त्याच क्षणी हवेचं तापमानही तीन अंशांनी खाली. पाणी असं उडी मारून थंड होत नसतं. तिथे कुठली तरी तार खोटं बोलत होती.

मानोऱ्याहून ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रांची वायरिंग करणारा एक इलेक्ट्रिशियन यात्रेत आलेला होता, त्याला बोलावलं. ईसीयू वगैरे त्यानं कधी हाताळलेला नव्हता. आल्या आल्या म्हणाला, "भाऊ, तो लॅपटॉप बाजूले ठेव. मी म्हणतो तवा सेल्फ मार." मल्टिमीटरची एक सळई त्यानं इंजिनच्या ब्लॉकला टेकवली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, वायरवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटावर. सेल्फ मारला. मीटरवर 0.8 व्होल्ट. "पाह्य. अर्थवर एवढा व्होल्टेज कायले पाह्यजे? रंगावर बोल्ट कसून ठेवला, करंट जाईन कुठून?" अर्थच्या पट्टीखाली चेसिसचा नवाकोरा रंग होता. त्यानं पॉलिश पेपरनं तो रुपयाएवढा घासून चकचकीत केला, बोल्ट कसला, वरून ग्रीस लावलं. परत सेल्फ: 0.1.

पुढचं मुलाच्या लक्षात आलं. दोन्ही तापमान सेन्सरांची अर्थची तार त्यानं सोयीसाठी बॉडीलाच जोडली होती. पंख्याचा जड करंट त्याच वाटेनं परत जाताना तिथला व्होल्टेज थोडा उचलला जायचा, आणि ईसीयू सेन्सरचा संदेश खरं होतं त्यापेक्षा थंड वाचायचा. त्या तारा ईसीयूच्या स्वतःच्या सेन्सर-ग्राउंडवर नेल्या आणि पायरी मिटली. इलेक्ट्रिशियननं पैसे घेतले नाहीत, जेवला मात्र पोटभर. यात्रेच्या दिवसांत तांड्यावर आलेला माणूस उपाशी जात नाही.

या सगळ्याला पोहरादेवीची पार्श्वभूमी आहे, आणि ती केवळ देखावा नाही. बंजारा समाजाची ही काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे, जगदंबेचं मंदिर इथे. 2024 च्या ऑक्टोबरात उघडलेलं नगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालयही इथेच. रेल्वे येण्याआधी देशभर धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून वाहून नेणारा हा समाज. इंग्रजी राजवटीत रेल्वेनं आणि पक्क्या सडकांनी त्यांचा तो धंदा मोडला, आणि 1871 च्या कायद्याखाली या राजवटीनं भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला तेव्हा बंजाऱ्यांचे काही गटही त्यात भरडले गेले. ज्यांच्याकडून वाहतूक हिसकावली गेली त्यांच्या घरातला पोरगा आज इंजिनला शिकवतोय, हे बघताना माझा ऊर भरून येतो, आणि ते मी लपवत नाही.

परत गाडीकडे. पेट्रोलची गोष्ट आहे ती निराळीच. हिशेबात 14.7 हा आकडा बसलेला असतो: एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 भाग हवा, वजनानं. तो शुद्ध पेट्रोलचा. इथेनॉलला नऊच भाग हवा लागते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं, म्हणजे खरा आकडा साडेतेराच्या आसपास. जुन्या पेट्रोलवर भरलेला तक्ता या पेट्रोलवर कमीच पडतो. गाडी तीच, इंजिन तेच, आणि तक्ता न बदलताच चुकीचा झालेला. मुलाकडे जुन्या नोंदी होत्या म्हणून त्याला हे लगेच दिसलं. इंधनाचा मुख्य आकडा त्यानं वाढवला, घरांना हात न लावता.

हे इथेनॉल मक्यातून, तांदळातूनही येतं, पण महाराष्ट्रात त्याचं नाव निघालं की आधी ऊसच आठवतो. आणि तो ऊस तोडायला दिवाळीनंतर कोयते घेऊन जाणाऱ्यांत मराठवाड्यातले तांडे आहेत, तसे मानोरा-पुसदकडचेही. या मुलाच्या आईबापांनी अनेक हंगाम सांगली-कोल्हापूरकडे कोप्यांत काढले. त्याची शाळा दरवर्षी अर्ध्यावर तुटायची. आजीजवळ राहिला म्हणून दहावी झाला. आईनं तोडलेल्या उसाचं काहीतरी पोराच्या गाडीच्या टाकीत येऊन त्याचा आकडा बदलतं. तो याडीला, म्हणजे आईला, हे गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, समजावून सांगत होता. ती हसली नाही. तिनं विचारलं, मग त्या उसाचं पेट्रोल स्वस्त मिळतं का? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पण एवढा नेमका प्रश्न त्या वावरात दुसऱ्या कुणी विचारला नव्हता.

राहिली ठिणगी. ती जितकी लवकर टाकाल तितकी ताकद, एका हद्दीपर्यंत. हद्द ओलांडली की इंधन आपल्या आपण भडकतं, इंजिन खडखडतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. गरम हवेत ही हद्द अलीकडे सरकते. ती ऐकायला त्यानं तांब्याच्या नळीचं टोक ठोकून चपटं करून ब्लॉकला बोल्टनं कसलं होतं, दुसऱ्या टोकाची रबरी नळी कानावरच्या जाड झाकणांत. पहाटे यात्रा शांत असते, पण पहाटेच्या गारव्यात इंजिन खडखडत नाही. म्हणून हे काम दुपारीच, देवळाकडून नगारा वाजत असताना. तो डोळे मिटून ऐकायचा आणि बाप धुऱ्यानं गाडी दामटायचा. एखादी बारीक टकटक ऐकू आली की तो हात वर करायचा. तेवढ्या घरांत ठिणगी दोन अंश मागे. मग पुन्हा. चाळिशीच्या वरच्या हवेसाठी त्यानं वेगळा उतारच भरून ठेवला, हवा जितकी तापेल तितकी ठिणगी मागे.

थंड इंजिन उठवायचे आकडे मात्र राहिले. त्यांचा तक्ता छोटा असतो, पण त्यात रोज एकच प्रयत्न होतो. एकदा सुरू केलं की इंजिन तापतं आणि रात्रभर गार झाल्याशिवाय दुसरा प्रयत्न होत नाही. आणि दहा-बारा अंशांची घरं भरायची तर तेवढी थंडी पडावी लागते. पिकअपवर गाडी परत चढवताना त्यानं बापाला सांगून ठेवलं की पौषात आठवडाभर सुट्टी काढून येतो, तोवर तूर काढून धुरा मोकळा ठेवा.