बाल्टिमोरच्या पांढऱ्या पायऱ्या

मुलीच्या बाळंतपणासाठी २०२४ साली पाच महिने अमेरिकेत राहून आले. वस्तीतल्या बायाबापड्या विचारतात, तिकडे काय काय पाहिलेत? न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला, वॉशिंग्टनचे व्हाइट हाऊस कुंपणाबाहेरून पाहिले. पण वाचकांना सांगायचे आहे ते एका वेगळ्याच वस्तीबद्दल. तिथे जाऊ नका म्हणून जावयांनी मला अक्षरशः हात जोडले होते.

मुलगी मेरिलँड राज्यात राहते. अमेरिका श्रीमंत, आणि हे राज्य तिथल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एक. तिच्या घरापासून बाल्टिमोर शहर मोटारीने अर्ध्या तासावर. टीव्ही लावला की बातमी एकच, अमुक रस्त्यावर गोळीबार, तमुक वयाचा मुलगा ठार. २०१५ पासून २०२२ पर्यंत आठही वर्षे या शहरात दरसाल तीनशेच्या वर खून झाले. शहराची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास. आपली मुंबई सव्वा कोटीची, आणि अलीकडच्या वर्षांत इथला आकडा दोनशेच्या आत असतो. हा हिशेब मी बाळाच्या दुपट्यांच्या यादीमागे लिहून काढला, तेव्हा माझाच विश्वास बसेना.

जावई म्हणाले, "आई, ती वस्तीच तशी आहे. ते लोकच तसे."

जावई आपलेच. शिष्यवृत्तीवर शिकलेले, स्वभावाने गरीब, माझ्या हातची भाकरी मागून खाणारे. म्हणून मी काही बोलले नाही. पण रात्री झोप येईना. आमच्या वस्तीचे नाव घेतले की टॅक्सीवाला मीटर पाडत नसे, ते दिवस आठवले. नोकरीच्या अर्जावर मी मावशीचा पत्ता लिहीत असे. "तिथले लोकच तसे" हे वाक्य मी मराठीत, हिंदीत, गुजरातीत ऐकले होते. आता ते माझ्याच घरात ऐकले.

मुलगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्यासोबतच्या एक कृष्णवर्णीय बाई, माझ्याच वयाच्या, त्याच वस्तीत लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्यांनी होऊन म्हटले, तुझ्या आईला मी माझे शहर दाखवते. ऑगस्टातल्या एका शनिवारी जावयांनी बाळाला सांभाळले आणि आम्ही तिघी निघालो.

वस्तीचे नाव सँडटाऊन. एकमेकींना भिंत लावून उभी असलेली विटांची दुमजली-तिमजली घरे, आपल्या चाळीच आडव्या मांडाव्यात तशी. प्रत्येक दाराशी संगमरवराच्या तीन-चार पांढऱ्या पायऱ्या. बाई म्हणाल्या, दर शनिवारी आम्ही बहिणी या पायऱ्या घासायचो, एक डाग राहिला तर आई बोलायची. आज मात्र एका घरात माणसे, तर शेजारच्या दोन घरांच्या दारा-खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. छतातून झाड उगवलेले. शहरात अशी ओसाड घरे तेरा हजारांच्या आसपास होती. कोपऱ्यावरच्या दुकानात दुकानदार जाड पारदर्शक तावदानामागे बसलेला. फिरत्या खणात पैसे ठेवायचे, तो खण फिरवतो, मग वस्तू आपल्याकडे येते. बाहेर पायरीवर बायका उन्हात गप्पा मारत होत्या. त्यांनी मुलीला विचारले, बाळ किती महिन्यांचे? साडी बघून एकीने माझा पदर हातात घेऊन पाहिला. भीती वाटावी असे तिथे तासभरात काही घडले नाही. पण ज्या कोपऱ्यावर बाईंच्या बहिणीचा मुलगा मारला गेला, तो कोपरा त्यांनी गाडी न थांबवता दाखवला. मारणारा सापडला नाही, एवढेच म्हणाल्या.

हे असे का झाले? बाईंनी गाडी चालवता चालवता जे सांगितले आणि नंतर मी मुलीकडून वाचून घेतले, ते इथे देते.

१९१० साली एका कृष्णवर्णीय वकिलाने याच भागातल्या मॅककुलो रस्त्यावर, गोऱ्यांच्या आळीत, घर घेतले. शहर खवळले. त्याच वर्षी नगरपालिकेने कायदा केला की गोऱ्यांच्या रस्त्यावर काळ्याने राहायला यायचे नाही आणि काळ्यांच्या रस्त्यावर गोऱ्याने. देशातला असा हा पहिला कायदा. आपले बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्या काळातली ही गोष्ट. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले. कायदा गेला, पण रीत राहिली. घराच्या खरेदीखतातच लिहून घेत, काळ्याला विकणार नाही म्हणून. पुढे १९३७ साली सरकारी कर्जखात्याने शहराचा नकाशा रंगवला. काळ्यांच्या वस्त्या लाल. लाल भागात कर्ज देणे धोक्याचे. म्हणजे त्या घरांना दुरुस्तीला पैसा नाही, विकायला गिऱ्हाईक नाही, भाडे मात्र चढे. सातबारावर जात लिहिलेली नसली तरी गावकूस कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असते, तसेच हे.

बाईंचे वडील स्पॅरोज पॉइंटच्या पोलाद कारखान्यात होते. हा कारखाना एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या पोलाद कारखान्यांत गणला जाई. १९५० नंतरच्या दशकात तिथे तीस हजार कामगार होते. कंपनीने स्वतःचे गावच वसवले होते, रस्त्यांना नावे इंग्रजी अक्षरांची. 'बी', 'सी' रस्त्यांवर साहेब, पुढच्या अक्षरांवर गोरे कामगार, आणि खाडीच्या पलीकडे 'आय', 'जे' वर काळे. कामाचेही तसेच. कोकभट्टीची आग आणि धूर काळ्यांना, यंत्रावरची चांगल्या पगाराची जागा गोऱ्यांना. हे ऐकताना मला आमच्या सासऱ्यांची आठवण झाली. मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो विटाळे. मी हे मुलीकरवी सांगितले. बाईंनी सिग्नलला गाडी थांबवून माझ्याकडे वळून पाहिले आणि म्हणाल्या, "धाग्याला?"

१९७४ साली सरकारने आणि न्यायालयाने दट्ट्या दिल्यावर काळ्या कामगारांना बढतीची दारे उघडली. आणि लगेच पुढच्या वर्षांत कारखान्याला उतरती कळा लागली. २००१ साली कंपनीने दिवाळे जाहीर केले, २०१२ साली भट्ट्या कायमच्या विझल्या. आता तिथे गोदामे आहेत. शिडीवर चढायला मिळाले तेव्हा शिडीच काढून घेतली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या आणि आमच्या गल्लीतली पोरे कोणाच्या मोटारीत बसू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांतला एक माझा पुतण्या होता. त्याच्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

बाल्टिमोरला त्या रिकाम्या हातांत हेरॉइन आले, १९८० नंतर क्रॅक आले, आणि बंदूक तर त्या देशात भांड्याच्या दुकानासारखी मिळते. माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. आपल्याकडे जे भांडण थोबाडीत मारून संपते, ते तिथे तिरडीवर संपते.

एक गोष्ट मात्र मला अगदीच नवी होती. त्या जुन्या घरांच्या रंगात शिसे असे. रंगाचे पापुद्रे गोड लागतात, रांगती मुले ते तोंडात घालतात. शिसे मेंदूत जाते. मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, राग आवरत नाही. बाल्टिमोरने १९५१ सालीच घराच्या आतल्या भिंतींना हा रंग लावायला बंदी केली होती. पण लावलेला रंग खरवडायचा कोणी? घरमालक भाडे नेत राहिले. २०१५ साली पोलिसांच्या गाडीत मानेचा मणका मोडून मेलेला फ्रेडी ग्रे हा पंचवीस वर्षांचा तरुण याच सँडटाऊनचा. लहानपणी त्याच्याही रक्तात शिसे सापडले होते आणि त्याच्या घरच्यांनी घरमालकावर दावा लावला होता. त्याच्या मृत्यूबद्दल सहा पोलिसांवर खटले भरले, शिक्षा एकालाही झाली नाही.

पोलीस नव्हते असे नाही. २००५ साली या शहरात एका वर्षात लाखाहून अधिक अटका झाल्या! पायरीवर बसला म्हणून, कोपऱ्यावर उभा राहिला म्हणून. २०१६ साली केंद्राच्या न्याय खात्याने चौकशी केली. तीत पन्नाशी उलटलेला एक काळा माणूस आहे. चार वर्षांच्या आत पोलिसांनी त्याला तीस वेळा अडवले, गुन्हा एकदाही नोंदवला नाही. आणि खुनांचे काय? २०१५ आणि २०१९ साली तीन खुनांपैकी जेमतेम एकाचा तपास लागला. साक्ष द्यायला कोण जाईल? मग भावाचा बदला भाऊच घेतो. मारणाऱ्याचे मी समर्थन करत नाही. मेलेल्यालाही आई असतेच, आणि ती बहुतेक त्याच गल्लीत राहते. पण इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून आपल्याकडच्या कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्या देशात वाढलेल्या माणसाने तरी रक्ताची भाषा बोलू नये.

आणि रक्ताचाच दोष असता तर आकडा खाली कसा आला असता? २०२२ पासून तिथल्या महापौरांनी, ब्रँडन स्कॉट यांनी, वेगळा मार्ग धरला. ते स्वतः तिथल्याच पार्क हाइट्सच्या वस्तीत वाढलेले. गोळीबारात सापडण्याची शक्यता असलेली मोजकी माणसे शोधायची, त्यांना गाठून सांगायचे, काम देतो, राहायला जागा बघतो, बंदूक सोड. नाही सोडलीस तर पकडू. शिवाय पूर्वी स्वतः तुरुंगात जाऊन आलेली माणसे नारिंगी शर्ट घालून गल्लीत फिरतात, भांडण पेटायच्या आत मध्ये पडतात. मी तिथे होते त्या २०२४ साली खून २०१ वर आले, २०२५ मध्ये दीडशेच्याही खाली. लोक तेच, वस्ती तीच.

परतताना पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूजवळ घुंगरांचा आवाज आला. घोडागाडीवर फळे विकणारा कृष्णवर्णीय फेरीवाला, आरोळ्या देत चाललेला. बाई म्हणाल्या, यांचे आजे-पणजेही हेच करत. मी पीच घेतले. त्याने दोन जास्त टाकले, माझ्या साडीकडे बघून काहीतरी म्हणाला आणि तिघीही हसल्या.

संध्याकाळी जावयांनी एक पीच धुऊन खाल्ला, दुसरा खाल्ला.

"आई, इतके गोड कुठे मिळाले? आमच्या दुकानात तर असे नसतात."

मी बाळाला मांडीवर घेतले होते. म्हटले, "तुम्ही नका जाऊ म्हणालात ना, तिथे."

त्यांनी हातातली बी बराच वेळ टाकली नाही.