रेडीची तांबडी माती

आमचे जामसंडे म्हणजे कलमांचा गाव. दिर्बादेवीच्या देवळाकडून कुठेही वळा, हापूस आहेच. जमिनीत कलमे लावायची, एवढेच मला ठाऊक. जमीनच खणून बोटीत भरतात, हे गेल्या मे महिन्यात रेडीला पाहिले.

निमित्त सहलीचे, खरे म्हणजे तिथे धाकटे काका राहतात. आमच्या बागेत तीन भावांचे भागेना, तेव्हा ते खाणीवर ट्रक चालवायला गेले. तेव्हापासून वडिलांचे व त्यांचे बोलणे नाही. या खेपेस मात्र वडिलांनी आंब्यांची पेटी मुकाट्याने माझ्या हाती दिली.

शिरोडे मागे पडले. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात इथल्या शाळेत शिक्षक होते आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रहही इथलाच. (आमच्या सरांना हे सांगायलाच हवे!) पुढे रस्त्याकडेची झाडे एकाएकी तांबडी दिसू लागली. पाने, कौले, कुंपणे, सगळ्यांवर लोहखनिजाची धूळ. रेडी आली.

मी हौशी प्रवाशासारखा हिंडलो. यशवंतगडाच्या जांभ्या तटांना वडाच्या मुळ्यांनी कवटाळले आहे. द्विभुज गणपतीचे दर्शन घेतले. एका ट्रक ड्रायव्हरला दृष्टांत झाला आणि १९७६ साली ही मूर्ती खाणीत सापडली, असे सांगतात. इथले खनिज बार्जेसमधून खोल पाण्यातल्या मोठ्या बोटींवर जाते. पावसाळ्यात समुद्र खवळला की ते काम बंद.

संध्याकाळी मी फोटो काढता काढता म्हणालो, "काका, केवढा डोंगर पोखरलाय हो! पाहवत नाही."

काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुका बघवना नाय, खरा आसा. पण ही धूळ खाल्ली म्हणान तर माझ्या चेडवांची शिक्षणां झाली. तुझ्या बापाशीच्या कलमांनी केली नसती."

मी कॅमेरा पिशवीत टाकला. बोलण्यासारखे काही उरले नव्हते. काकांना खोकल्याची उबळ आली, काकू पाणी घेऊन धावल्या. खोकला हल्ली रोजचाच, असे त्या मला आत बोलावून हळूच म्हणाल्या.

रात्री पेटी उघडली. काकांनी गवत बाजूला सारून एक आंबा उचलला, देठाशी हुंगला.

"विहिरीकडच्या कलमाचो?"

"हो."

"ता मी लायलेला," ते म्हणाले आणि आंबा न कापता तसाच हातात धरून बसले.