मळमड्डीची वेलांटी

महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी वस्ती दोन-तीन पिढ्या टिकली, तेथे एक वाचनालय आणि त्या वाचनालयात जुन्या कागदांनी भरलेले एक कपाट हटकून असतेच. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकांस हे निराळे सांगावयास नको. देणगीदारांच्या याद्या, स्मरणिका, हस्तलिखित अंक, कोणा सभासदाने हौसेने केलेली ग्रंथसूची, असा त्यातील ऐवज. धारवाडचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांस अशा कपाटाचे आयुष्य किती, हेही ठाऊक असेल. मळमड्डीतील एका लहानशा वाचनालयाचे असेच एक कपाट गेली दोन वर्षे आमच्या गळ्यात पडले आहे. त्यातील मजकूर संकेतस्थळावर आणावयाचा, पण कोणत्या साधनाने, या प्रश्नाचा आम्ही जो धांडोळा घेतला तो येथे मांडीत आहोत. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न अखेरीस शुद्धलेखनाचाच निघाला, आणि शुद्धलेखन हे तर आमचे हक्काचे कुरण!

प्रथम थोडी फोड केली पाहिजे. संकेतस्थळे दोन तऱ्हेची असतात. एका तऱ्हेत वाचकाने पान मागितले की त्याच क्षणी दूरच्या संगणकावरील आज्ञावली कोठारातून मजकूर काढते, त्यास साज चढविते आणि पान वाचकापुढे ठेवते. खाणावळीत गिऱ्हाईक पाटावर बसल्यावर भाकरी तव्यावर पडावी, तसा हा प्रकार. बँकांस आणि दुकानांस तो आवश्यकच आहे. दुसऱ्या तऱ्हेत सारी पाने आधीच सिद्ध करून ठेवलेली असतात. मागेल त्यास जशीच्या तशी द्यावयाची. ही पंचांगाची रीत. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्यापूर्वी तिथी जाणून घ्यावयाची तर जोशीबुवांची वाट पाहावी लागे. छापील पंचांग खुंटीस लागल्यावर ते कोणी किती वेळा उघडले याची जोशीबुवांस तोशीस उरली नाही. साध्या मजकुराच्या फायली आणि पानाचा साचा एकत्र करून अशी तयार पाने एकदम काढून देणारी जी साधने, त्यांस ‘स्टॅटिक साइट जनरेटर’ म्हणतात. त्यांपैकी बहुतेक मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांची घडण कोणासही पाहता येते, बदलता येते आणि दाम मोजावे लागत नाहीत. मजकूर बहुधा ‘मार्कडाउन’ नावाच्या साध्या पद्धतीने लिहावयाचा. जॉन ग्रूबर यांनी ती २००४ साली प्रसिद्ध केली. मथळ्याआधी एक खूण, ठळक शब्दाभोवती दोन तारका, इतकेच तिचे व्याकरण आहे. आमच्या आठवीच्या मुलांनी ते एका शनिवारी आत्मसात केले.

आता पंचांगाची रीत आम्हांस का हवीशी वाटली, ते सांगतो. आमच्या वाचनालयाचे पूर्वीही एक संकेतस्थळ होते, पहिल्या तऱ्हेचे. बाहेरगावची एक संस्था ते चालवीत असे. ती संस्था आवरली गेली तेव्हा तिने आमचा मजकूर म्हणून एक फाईल पाठविली. उघडून पाहतो तो देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह! इंग्रजी आकडे तेवढे शाबूत. ग्रंथांच्या नोंदी गेल्या त्या पुन्हा करता येतील, कारण पुस्तके फळीवर आहेत. परंतु त्यातच एका काकूंच्या आठवणी होत्या. लग्न होऊन १९५२ साली त्या सांगलीहून मळमड्डीत आल्या. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नातवाकडून देवनागरी टंकन शिकल्या आणि रोज दुपारी थोडे थोडे लिहीत गेल्या. एकंदर अडतीस पाने झाली. हातची प्रत नव्हतीच. त्या थेट संगणकावर लिहीत. काकू आज नाहीत. त्यांपैकी सहा पाने त्यांनी चष्म्याशिवाय वाचता यावीत म्हणून मोठ्या टंकात छापून घेतली होती, तेवढी उरली आहेत. उरलेल्या बत्तीस पानांत त्यांनी काय लिहिले होते ते आता कोणास सांगता येणार नाही. आम्ही ती प्रश्नचिन्हांची फाईल अद्याप पुसून टाकलेली नाही.

म्हणून नव्याने आरंभ करताना आमचे कोषाध्यक्ष पहिल्याच बैठकीत म्हणाले, “सर, फुकट आहे ते ठीक, पण उद्या हेही बंद पडले तर आपल्या हातात काय राहणार?” या एका प्रश्नावर आम्ही सारी साधने घासून पाहिली. हुबळीस संगणकाच्या कामावर असलेला आमचा एक जुना विद्यार्थी मदतीस आला. काकूंची सहा पाने आणि ग्रंथसूचीतील थोड्या नोंदी एवढाच मजकूर घेऊन तो निरनिराळ्या साधनांतून काढून पाहिला.

जेकिल हे यांतले वडीलधारे. गिटहब या प्रसिद्ध सेवेचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ते २००८ साली रूबी भाषेत लिहिले. त्याची मोठी सोय अशी की, गिटहबवर नुसता मजकूर चढविला तरी तेथल्या तेथे पाने तयार होतात. आपल्या संगणकावर काही बसविण्याचे कारण नाही. बसवू म्हटले तर मात्र रूबी आणि तिचा गोतावळा घरी आणावा लागतो. शाळेच्या जुन्या विंडोज संगणकावर त्या गोतावळ्याची सरबराई करता करता दोन शनिवार गेले. डॉक्युसॉरस हे फेसबुकने २०१७ साली पुढे आणलेले साधन. संगणकाच्या वस्तू करणाऱ्यांस आपल्या प्रत्येक आवृत्तीची माहितीपुस्तिका वेगळी राखावयाची असते, त्यांच्यासाठी ते उत्तम. पण सहा पानांसाठी हजारो सहायक फायली उतरवून घ्याव्या लागल्या तेव्हा वरातीपेक्षा वाजंत्रीच जास्त, असे वाटले. इलेव्हन्टीचा संसार त्याहून आटोपशीर आहे. त्यावर आम्ही फारसा वेळ दिला नाही.

रेंगाळलो ते एमकेडॉक्सपाशी. पायथॉनवर चालणारे हे साधन दिसावयास नीटस, शिकण्यास सोपे, आणि माहितीपुस्तिकांसाठी लोकप्रिय. पान छान उमटले. मग विद्यार्थ्याने मथळ्यांचे पत्ते दाखविले. पानातील प्रत्येक मथळ्यास साधन आपण होऊन एक पत्ता देते, म्हणजे दुसऱ्यास थेट त्या परिच्छेदावर धाडता येते. इंग्रजी मथळ्यास त्याच्याच शब्दांचा पत्ता मिळतो. आमच्या मराठी मथळ्यांस एक, दोन, तीन असे नुसते क्रमांक मिळाले होते. कैद्यांस मिळावेत तसे. कारण मूळ व्यवस्थेत रोमन लिपीबाहेरची सारी अक्षरे गाळली जातात. युनिकोडची अक्षरे राखण्याची वेगळी सोय आहे, ती त्याने चालू केली आणि तो मोठ्याने हसला. “सर, हे तर आपल्या काना-मात्रा खाते!” ‘मळमड्डी’चे ‘मळमडड’ झाले होते. ‘ग्रंथसूची’चे झाले होते ‘गरथसच’. मग आम्हीही इरेस पडलो आणि मुद्दाम मथळे घालून पाहिले. माल, मूल, मोल आणि मैल या चारही शब्दांचा ‘मल’ झाला!

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. युनिकोडच्या दप्तरी ‘म’ हे अक्षर म्हणून नोंदलेले आहे, पण वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताची खूण ही ‘अक्षरास जोडावयाची चिन्हे’ म्हणून वेगळ्या वर्गात आहेत. पत्ता बनविणाऱ्या नियमात ‘अक्षरे व अंक तेवढे ठेवा’ असे म्हटले आहे, आणि पायथॉनच्या लेखी चिन्हांचा हा वर्ग अक्षरांत मोडत नाही. नियम लिहिणाऱ्याच्या मनात आकस नव्हता. त्याच्या भाषेत स्वर हे व्यंजनाच्या शेजारी स्वतंत्र घर करून राहतात. आपले स्वर व्यंजनाच्या अंगाखांद्यावर बसतात, हे त्याच्या गावी नव्हते. ह्रस्वदीर्घाचा भेद न राखणाऱ्या मोडीनेदेखील वेलांटी सबंध कधी टाकली नव्हती. हा दोष जाणकारास आपला नियम लिहून दूर करता येतो. परंतु आमचा विद्यार्थी उद्या बंगळूरूस गेला तर तो नियम सांभाळणार कोण? जेकिलने आणि ह्यूगोने पानाच्या पत्त्यात मळमड्डी वेलांटीसकट ठेवली, हे येथे नमूद केले पाहिजे.

स्फिंक्सविषयी आम्हांस आदर वाटतो. गेऑर्ग ब्रांडल यांनी ते पायथॉन भाषेच्या माहितीग्रंथासाठी घडविले आणि २००८ मध्ये सर्वांस खुले केले. परस्परसंदर्भ, शब्दसूची, त्याच मजकुरातून छापण्याजोगे पुस्तक, ही सारी ग्रंथकाराची कामे ते जाणते. त्याने काढलेली पाने इंटरनेटवाचून नुसत्या पेनड्राइव्हवरूनही उघडतात. पण मथळ्यांचे पत्ते तेथेही क्रमांकांचेच, आणि सूचीत आणखी एक गंमत आढळली. ‘काळ’ आधी आला आणि ‘काव्य’ मागाहून. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतरचा, तेव्हा काव्य आधी हवे. परंतु युनिकोडमध्ये, त्यापूर्वीच्या इस्की या भारतीय प्रमाणास अनुसरून, ळ चे स्थान ल च्या लगत आहे, आणि बहुतेक साधने त्या अनुक्रमानेच रांग लावतात. गमतीची गोष्ट ही की, कन्नड वर्णमालेतही ळ ह च्या पुढेच येतो. म्हणजे या बाबतीत धारवाडच्या दोन्ही भाषांची तक्रार एकच!

अखेर आम्ही ह्यूगो पत्करले. स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ साली ते प्रथम प्रसिद्ध केले. गो भाषेत लिहिलेले हे साधन म्हणजे एकच फाईल; ती संगणकावर ठेवली की झाले, गोतावळा नाही. शाळेच्या यंत्रावर आमची पाने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघाली. एकाच स्थळावर अनेक भाषा नांदविण्याची सोय त्यात २०१६ पासून आहे. सूचीतील नोंदींस आपल्या मनाचा क्रमांक देता येतो, त्यामुळे ळ त्याच्या जागी बसविला. दोष नाही असे नव्हे. त्याचे साचे लिहिण्याची भाषा क्लिष्ट आहे, आणि नवी आवृत्ती आली की जुना साचा कधीकधी कुरकुरतो. म्हणून आम्ही ज्या आवृत्तीवर काम केले तिचीच प्रत मजकुराशेजारी जपून ठेवली आहे.

कोषाध्यक्षांच्या प्रश्नास उत्तर मात्र ह्यूगोने दिलेले नाही, ते मजकुराच्या फायलींनी दिले. साधने येतात आणि जातात. गॅट्सबी हे असेच एक गाजलेले साधन होते; २०२३ मध्ये नेटलिफाय या कंपनीने ते विकत घेतले आणि त्याची वाढ पुढे खुंटली. ज्यांचा मजकूर साध्या फायलींत होता त्यांनी तो उचलून दुसरीकडे नेला. आमच्या फायली आज वाचनालयात, शाळेत आणि एका सभासदाच्या घरी अशा तीन ठिकाणी आहेत, कोणत्याही संगणकावर वाचता येतात, आणि दर दिवाळीस त्यांची छापील प्रत काढावी असा ठरावही झाला आहे. संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक भाडे तेवढे द्यावे लागते. ते कोषाध्यक्षांनी मुकाट्याने दिले, यातच सारे आले.

काकूंची सहा पाने पहिल्याच दिवशी चढविली. त्यांच्या पणतीने ती पाहिली आणि आम्हांस कन्नडमधून विचारले, “यात काय लिहिले आहे, सर?” मुलगी कन्नड शाळेत शिकते, घरी मराठी बोलते, पण देवनागरी तिला अडखळत वाचावी लागते. अशी घरे मळमड्डीत पुष्कळ आहेत, आणि आमच्या वाचकांच्या गावी गुजराती, तेलुगू वा हिंदीची हीच कथा असणार. तेव्हा ह्यूगोच्या त्या दुसऱ्या भाषेच्या सोयीचा उपयोग करून प्रत्येक मराठी पानाशेजारी कन्नड पान ठेवण्याचे काम हाती घेतले आहे. शाळेतील एक कन्नड सहकारी भाषांतर करीत आहेत. चार पाने झाली. पाचवे ‘माजघर’ या शब्दाशी अडले आहे. सहकारी ‘नडुमनी’ लिहावे म्हणतात, आणि आम्ही म्हणतो की माजघर माजघरच राहू द्यावे, कन्नड लिपीत.