मधे गाडी नाही

स्वामीमलै,
अधिक ज्येष्ठ, शके 1948

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आवाज कसला गं मागे?" तो समुद्राचा होता. पुढे काही बोलायच्या आत फोन तुटला, म्हणून हे पत्र. तसंही तुम्हाला फोनपेक्षा कागदावरचंच खरं वाटतं.

आधी तुमच्या साठीचं. इथल्या मुरुगनाच्या देवळाला साठ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला एकेका संवत्सराचं नाव. प्रभव, विभव, शुक्ल... तीच आपल्या पंचांगातली. तुमचा जन्म 1966 च्या श्रावणातला, म्हणजे पराभव संवत्सरातला. ती चाळिसावी पायरी. यंदा पुन्हा पराभवच चालू आहे, चक्र फिरून तुमच्या पायरीवर आलंय. नाव ऐकून आजीनं तेव्हा नाक मुरडलं असेल का? अधिक महिन्याचा मात्र इथे कुणाला पत्ता नाही. यांचे महिने सूर्याच्या हिशेबानं चालतात, त्यामुळे जास्तीचा महिना येतच नाही. अनारसे नाहीत, जावयाला वाण नाही. मी ज्यांच्याकडे मूर्ती ओतायला शिकतेय, त्या स्थपतींच्या जावयाला हे सांगितलं, तर तो चांगलाच हळहळला.

तर समुद्र. इथून रेल्वेनं समुद्र गाठायचा तर सोपी वाट नागपट्टणमची. 1861 मध्ये गाडी सुरू झाली ती नागपट्टणमच्या किनाऱ्यावरून तंजावरकडे. म्हणजे इकडे रूळ समुद्राकडून गावांकडे आले, आपण सहलीला जातो त्याच्या उलट. नागोर, वेळांकण्णी, कारैकाल, सगळीकडे आज स्टेशनं आहेत. नागोरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिला, तो मला बघायचाच आहे. पण आमच्या पट्टरैत (कारखान्याला इथे पट्टरै म्हणतात) माती मळणारे एक म्हातारे आहेत. ते म्हणाले, लहानपणी आम्ही मायवरमहून तरंगंबाडीला रेल्वेनं जायचो, थेट वाळूपर्यंत. आता मधे गाडी नाही. मधे गाडी नाही म्हटल्यावर मला तिथेच जावंसं वाटलं.

एक्स्प्रेस गाड्या स्वामीमलैला ढुंकून बघत नाहीत. पहाटेची पॅसेंजर घेतली. तिकीट कुंभकोणमच्या डिग्री कॉफीपेक्षा स्वस्त. डब्यात मोगऱ्याची ओली पोती, त्यांच्यावर पाय ठेवून झोपलेला एक पोरगा, आणि खिडकीबाहेर कोरडी कावेरी. मेट्टूर धरणातून पाणी सोडायचा प्रघात 12 जूनचा. त्याआधी नदी म्हणजे नुसती वाळू. याच नदीच्या गाळाची माती आम्ही मेणाच्या मूर्तीवर लिंपतो. ती इतकी मऊ असते, की मेणावरची नखाची रेघसुद्धा पुढे धातूत उतरते.

मायवरमचं नाव आता मयिलाडुतुरै. तिथे उतरून बस धरली. ही जवळजवळ तीस किलोमीटरची मीटरगेज 1980 च्या दशकात बंद पडली. रस्त्याच्या कडेनं मधेच बांधासारखं उंच काहीतरी दिसायचं, वर वेड्या बाभळी. रुळाचीच जागा असणार अशी मी समजूत करून घेतली. वाटेत तिरुक्कडैयूर लागलं. मार्कंडेयाला न्यायला आलेल्या यमाला शंकरानं लाथाडलं ते इथे, म्हणून साठी-ऐंशीच्या शांती करायला लोक इथे लोटतात. बसमधून तीन-चार साठीचे नवरदेव मोजले, गळ्यात हार, चेहऱ्यावर संकोच. मामी तुम्हाला त्या अवस्थेत बघेल तर काय हसेल!

त्यापुढे पोरैयार. आता नीट वाचा, हे खास तुमच्यासाठी. तरंगंबाडी ही डेन्मार्कच्या लोकांची वखार. 1620 मध्ये त्यांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून जागा घेतली. पुढे नायक जाऊन भोसले आले, तरी खंड तंजावरलाच भरत राहिले. 1706 मध्ये झीगेनबाल्ग नावाचा जर्मन पाद्री आला, तमिळ शिकला, छापखाना मागवला. जर्मनीतल्या हाल्ले गावाहून तमिळ खिळे ओतून आले, पण ते इतके मोठे की पुस्तक व्हायचं तर कागद पुरेना. मग मिशनच्या लोकांनी इथेच लहान खिळे ओतले. शिसं कुठून आणलं? विलायतेहून आलेल्या चीजच्या डब्यांची झाकणं वितळवली! ती ओतशाळा या पोरैयारची. 1715 मध्ये तमिळ नवा करार छापून पुरा झाला. गॅली हातातून निसटून फुटली की तुम्ही शिव्या द्यायचात त्या आठवल्या. तेव्हाचा जुळारी कुठल्या भाषेत देत असेल?

आणि गंमत पुढे आहे. याच मिशनमध्ये 1750 मध्ये श्वार्ट्झ नावाचा पाद्री आला. तंजावरच्या तुळजाराजे भोसल्यांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी त्याच्या हाती सोपवला. सरफोजीनं मोठेपणी तंजावरात देवनागरीचा छापखाना घातला, आणि 1806 मध्ये 'बालबोध मुक्तावली' निघालं, इसापच्या गोष्टी मराठीत. त्याच्या आदल्या वर्षी विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं ते बंगालमधल्या श्रीरामपूरला. तेही गाव डेन्मार्कचंच. दोन्ही गावं त्यांनी 1845 मध्ये एकाच सौद्यात इंग्रजांना साडेबारा लाखांना विकून टाकली. पुण्या-मुंबईत मराठी पुस्तक छापलं जायच्या आधी आपली अक्षरं दोन परक्या वखारींच्या आसऱ्यानं कागदावर उतरली. तुम्ही तीस वर्षं खिळे जुळवलेत, तुम्हाला हे ठाऊक होतं का? मला नव्हतं.

समुद्राबद्दल सांगायचं राहिलंच. तो आपल्याकडच्यासारखा नाही. आपण संध्याकाळी भेळ खात त्याच्यात सूर्य बुडताना बघतो. इथे सूर्य पहाटेच त्यातून उगवून मोकळा झालेला. मी नऊला पोचले तेव्हा समुद्र डोळ्यांवर तळपत होता. दुपारनंतर ऊन पाठीवर येतं आणि पाणी एकदम निळं, थंड दिसायला लागतं. किनाऱ्यावर डान्सबोर्ग किल्ला, पिवळट, बुटका. बाजूला 1306 सालचं मासिलामणिनाथाचं देऊळ. त्याची पुढची बाजू समुद्रानं गिळली, आता त्याला थोपवायला मोठाले दगड टाकलेत. पोहायला जावं असा किनारा नाही, आणि कोळणींनी मला जाऊही दिलं नाही. 26 डिसेंबर 2004 ची लाट त्यांनी पाहिलेली आहे. 15 एप्रिल ते 14 जून यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणून होड्या विसावलेल्या आणि पुरुष सावलीत जाळी सांधत बसलेले. त्यातल्या एकाला स्टेशन कुठे होतं विचारलं. त्यानं मान वर न करता जाळ्याच्या सुईनं पश्चिमेकडे दाखवलं. गेले. काही नव्हतं. एक शेळी होती.

परतीची गाडी तासभर उशिरा, म्हणून मयिलाडुतुरैच्या फलाटावर बसून या पत्राचा मजकूर मनात जुळवला.

आता काम. श्रावणात तुम्ही आणि मामी या. शांती करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, चाळिसाव्या पायरीवर मात्र बसवणारच. येताना माळ्यावरच्या पेटीतले दहा-बारा झिजलेले खिळे आणा. पंचलोहात शिसं लागतं, आणि माझी पहिली पणती ओतायची आहे. स्थपतींना विचारलं, तर ते म्हणाले, खिळ्यात शिशाबरोबर आणखी काय काय असतं ते आधी बघू, मग सांगतो. तरी आणाच. त्यात एक 'ळ' असू द्या, तो यांच्याकडेही आहे.

तुमची,
भाची